संत पॅट्रिक : दंतकथांच्या आड गेलेला गुलाम मुलगा आणि त्याची दोन लिखाणे

धागालेखक : जुनी वही

"मी पॅट्रिक, पापी, अत्यंत अडाणी, सर्व श्रद्धावंतांत धाकटा आणि पुष्कळांच्या लेखी तुच्छ." आयर्लंडच्या संरक्षक संताने उतारवयात लिहिलेल्या आत्मनिवेदनाची सुरुवात अशी होते. जुन्या ख्रिस्ती लेखकांना स्वतःला कमी लेखण्याची सवयच होती, त्यामुळे प्रथम वाचताना हे वाक्य मी तसेच पुढे ढकलले होते. परंतु ते लिखाण शेवटपर्यंत वाचल्यावर पुन्हा पहिल्या ओळीकडे आलो, तेव्हा त्यातला प्रत्येक शब्द लेखकाने जगून लिहिला आहे हे ध्यानात आले.

संत पॅट्रिक यांचे नाव निघाले की साप, शॅमरॉक या तिपानी रोपट्याची पाने आणि १७ मार्चच्या हिरव्या मिरवणुका एवढेच बहुतेकांना आठवते. या धाग्यात मला ते सर्व थोडा वेळ बाजूला ठेवून त्यांची स्वतःची दोन लॅटिन लिखाणे समोर ठेवायची आहेत. पहिले ‘कन्फेसिओ’, म्हणजे पापाची कबुली आणि ईश्वराच्या उपकारांची जाहीर साक्ष, असा दुहेरी अर्थ असलेले निवेदन. आजच्या आवृत्त्यांत त्याचे ६२ लहान परिच्छेद पाडलेले असतात. दुसरे ‘कोरोटिकसच्या सैनिकांना पत्र’. त्याचे २१ परिच्छेद आहेत. रोमन सत्ता ओसरल्यानंतरच्या त्या काळात ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये जगलेल्या माणसाचे, त्याच्याच शब्दांतले, इतके खासगी लिखाण दुसरे जवळजवळ नाही. त्यामुळे या माणसाविषयी काही म्हणायचे असेल, तर सुरुवात त्याच्यापासूनच करायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

पॅट्रिकचा जन्म रोमन ब्रिटनमधल्या खात्यापित्या ख्रिस्ती घरात झाला. वडील कालपोर्निअस हे चर्चमध्ये डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचे सेवक, होते आणि नगराच्या कारभारी मंडळाचे सदस्यही होते; आजोबा पोटिटस धर्मगुरू होते. गावाचे नाव पॅट्रिक ‘बानावेम ताबुर्निए’ असे देतो. हे गाव नेमके कुठे होते याविषयी उत्तर ब्रिटनमधील हॅड्रियनच्या तटबंदीच्या परिसरापासून वेल्सपर्यंत अनेक जागा सुचवल्या गेल्या आहेत, पण निर्णय झालेला नाही. गावाजवळ वडिलांची छोटी शेतवाडी होती आणि तिथेच, वयाच्या साधारण १६व्या वर्षी, आयरिश लुटारूंनी त्याला पकडून नेले. "इतक्या हजारो माणसांबरोबर" आपण नेले गेलो, असे तो लिहितो. इसवी सन ४१०च्या सुमारास रोमचा ब्रिटनवरचा अंमल संपला; त्याच्या आगेमागे पश्चिम किनाऱ्यावर अशा धाडी पडत असत आणि लुटीत धान्य-भांड्यांपेक्षा माणसांना अधिक किंमत होती. धर्मगुरूचा नातू असूनही तोवर आपल्याला खरा देव माहीत नव्हता, अशी कबुली तो लगेच देतो.

गुलामगिरीची ६ वर्षे त्याने गुरे-मेंढरे राखण्यात काढली. त्या काळाविषयी तो फार कमी बोलतो. मालकाचे नाव नाही, मारहाणीचे वर्णन नाही. रानात आणि डोंगरावर राहत असताना दिवसाला शंभर आणि रात्री जवळजवळ तितक्याच प्रार्थना आपण करीत असू, हिमात, दहिवरात आणि पावसात पहाटेपूर्वी उठत असू, आणि त्याचा त्रास जाणवत नसे, एवढेच तो सांगतो. घरी कालपोर्निअसच्या छायेत जी श्रद्धा रुजली नव्हती ती परक्या माणसाची मेंढरे राखताना रुजली. मला या ठिकाणी नेहमी थांबावेसे वाटते, कारण पुढच्या साऱ्या आयुष्याचा सांधा इथे आहे.

मग एका रात्री झोपेत त्याला आवाज ऐकू आला, की तू लवकरच आपल्या देशी जाशील. आणि थोड्या काळाने, की पाहा, तुझे जहाज तयार आहे. ते जहाज जवळ नव्हते, २०० मैलांवर होते. ओळखीचे कुणी नसलेल्या त्या किनाऱ्यापर्यंत पळून गेलेला गुलाम कसा पोहोचला असेल याचे वर्णन तो करीत नाही. जहाजाच्या प्रमुखाने आधी त्याला झिडकारले. तो प्रार्थना करीत परत फिरला तेवढ्यात एकाने मागून हाक मारली, की ये, तुझ्यावर विश्वास ठेवून तुला घेतो. त्यांच्या छातीला तोंड लावून त्यांचा आश्रित होण्याची जी रीत होती ती मात्र देवाच्या भयामुळे त्याने पाळली नाही. तीन दिवसांच्या समुद्रप्रवासानंतर २८ दिवस निर्मनुष्य प्रदेशातून चालणे झाले आणि अन्न संपले. "तुझा देव एवढा मोठा आहे, तर आमच्यासाठी प्रार्थना का करीत नाहीस?" असे जहाजप्रमुखाने विचारले. त्यानंतर वाटेत डुकरांचा कळप आला आणि सर्वांची भूक भागली.

काही वर्षांनी तो ब्रिटनमध्ये आई-वडिलांजवळ होता. इतके सोसून आलास, आता पुन्हा आम्हाला सोडून जाऊ नकोस, अशी घरच्यांची विनवणी होती. त्याच दिवसांत रात्री त्याला दृष्टान्त झाला : व्हिक्टोरिकस नावाचा पुरुष अगणित पत्रे घेऊन आयर्लंडहून येत आहे, त्यातले एक पत्र तो उघडतो, आणि "आयरिशांचा आवाज" हे आरंभीचे शब्द वाचत असतानाच पश्चिम समुद्राजवळच्या व्होक्लुट रानातल्या माणसांचा एकमुखी आवाज ऐकू येतो : "हे पवित्र मुला, ये आणि पुन्हा आमच्यात वावर." पुढचे वाचवेना इतके मन भरून आले आणि जाग आली, असे तो लिहितो. ज्यांनी आपल्याला विकत घेऊन राबवले, त्यांच्या देशातून ही हाक येते आणि ती हाक देणारे त्याला अजून ‘मुलगा’ म्हणून ओळखतात.

बिशप होऊन आयर्लंडला परतलेल्या पॅट्रिक यांच्या कार्याचे तपशील कन्फेसिओत विखुरलेले आहेत आणि ते फार बोलके आहेत. तो देश रोमन साम्राज्यात कधीच नव्हता. शहरे नव्हती, नाणी नव्हती. ‘तुआथ’ नावाच्या लहान लहान टोळीराज्यांचा तो प्रदेश होता. माणसाला संरक्षण मिळे ते नातलगांमुळे आणि आपल्या राजामुळे. बाहेरून आलेल्या एकट्या माणसाला कायद्याचे छत्र जवळजवळ नव्हते. म्हणून पॅट्रिक राजांना भेटी देत, राजपुत्रांना मानधन देऊन सोबत घेत आणि न्याय करणाऱ्यांना जे दिले त्याची किंमत "निदान १५ माणसांच्या मोलाइतकी" झाली असे स्वतःच सांगतात. माणसाचे मोल हे तिथे हिशेबाचे माप होते; ‘कुमाल’ या आयरिश शब्दाचा मूळ अर्थ दासी असा आहे आणि साधारण तीन दुभत्या गाईंइतके मूल्य मोजण्याचे एकक म्हणूनही तो वापरला जात असे. एवढे करूनही एकदा त्यांना सोबत्यांसह पकडून, सर्व लुटून, बेड्यांत ठेवले होते आणि १४व्या दिवशी सुटका झाली. जिवावरच्या १२ संकटांचा ते उल्लेख करतात, पण ती मोजून दाखवीत नाहीत.

पैशाबाबतची त्यांची काटेकोर वृत्ती वाचताना त्यामागची सलही जाणवते. श्रद्धाळू स्त्रिया आपले दागिने वेदीवर टाकीत तेव्हा ते उचलून परत देत असत, आणि यामुळे त्या दुखावल्या जात. इतक्या हजारांना बाप्तिस्मा दिला, त्यांपैकी कुणाकडून अर्ध्या स्क्रूपलची, म्हणजे आपल्या भाषेत दमडीची, तरी अपेक्षा केली असेल तर सांगा, मी परत करीन, असे ते जाहीरपणे म्हणतात. हे कुणाला उद्देशून आहे? ब्रिटनमधल्या चर्चमधील ज्येष्ठांना. पॅट्रिक डीकन होण्यापूर्वी त्यांनी एका जिवलग मित्राजवळ आपला एक जुना अपराध कबूल केला होता. जेमतेम १५ वर्षांचे असताना, एका दिवशी, नव्हे एका तासात, घडलेली ती गोष्ट होती. ती ३० वर्षांनंतर त्यांच्या बिशपपदाविरुद्ध वापरली गेली, आणि ती फोडणारा तोच मित्र होता ज्याने आधी "तुला बिशपपद मिळायला हवे" असे स्वतः म्हटले होते. अपराध कोणता हे पॅट्रिक सांगत नाहीत. मित्राविषयी दुःख व्यक्त करतात, शाप देत नाहीत.

दुसरा आक्षेप शिक्षणाचा होता. ज्या वयात रोमन घरातली मुले वक्तृत्वशास्त्र शिकत त्या वयात पॅट्रिक मेंढरांमागे होते. आपली वाणी परक्या भाषेत गेली, असे ते म्हणतात, आणि हे लिखाण इतकी वर्षे टाळण्याचे कारणही तेच सांगतात. लॅटिन खरोखरच अडखळते. वाक्ये मध्येच तुटतात, बायबलमधील वचने अर्ध्या वाक्यात येऊन मिसळतात. पण या माणसाला प्रतिमा सुचते तेव्हा ती विसरता येत नाही : "मी खोल चिखलात पडलेल्या दगडासारखा होतो, सामर्थ्यवान आला, त्याने दयेने मला उचलले आणि भिंतीच्या माथ्यावर नेऊन ठेवले."

आता पत्राविषयी. ब्रिटनमधील कोरोटिकस या सरदाराच्या, नावाने ख्रिस्ती असलेल्या, सैनिकांनी आयर्लंडवर धाड घातली. आदल्याच दिवशी बाप्तिस्मा घेतलेली माणसे पांढऱ्या वस्त्रांत होती, अभिषेकाच्या तेलाचा सुगंध त्यांच्या कपाळांवर अजून दरवळत होता. त्यांतील काहींना कापून काढले गेले, काहींना पकडून नेले गेले. पॅट्रिक यांनी लहानपणापासून शिकवलेल्या एका धर्मगुरूबरोबर पहिले पत्र पाठवले आणि पकडलेल्यांना परत करण्याची विनंती केली. सैनिक हसले. आपल्या हाती आहे ते त्यानंतरचे दुसरे पत्र. त्याचा सूर पूर्ण वेगळा आहे. या लोकांना मी माझे देशबांधव म्हणत नाही, सैतानाचे देशबांधव म्हणतो. त्यांच्याबरोबर जेवू नका, त्यांचे दान घेऊ नका, ते अश्रू ढाळून प्रायश्चित्त करीत नाहीत आणि बंदिवानांना मुक्त करीत नाहीत तोवर त्यांच्याशी संबंध ठेवू नका. आणि हे पत्र सर्व लोकांसमोर, खुद्द कोरोटिकसच्या उपस्थितीतही, वाचून दाखवा, अशी त्यांची आज्ञा आहे. गॉलमधील, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या प्रदेशातील, ख्रिस्ती लोक फ्रँक या जर्मानिक टोळ्यांकडे हजारो सुवर्णनाणी पाठवून बंदिवानांना सोडवून आणतात, आणि तुम्ही मात्र माणसांना परक्यांना विकता, ख्रिस्ताचे अवयव जणू कुंटणखान्यात नेऊन देता, असे ते सुनावतात.

पत्रातल्या दोन वाक्यांनी मला सर्वांत अधिक अस्वस्थ केले. एक असे, की ज्या लोकांनी एकेकाळी मला पकडून नेले आणि माझ्या वडिलांच्या घरातील दास-दासींची धूळधाण केली, त्यांच्याविषयी मला वाटणारी करुणा माझी स्वतःची आहे काय? दुसरे असे, की आम्ही आयरिश आहोत याचीच त्यांना घृणा वाटते. ‘ते आयरिश’ असे पॅट्रिक लिहीत नाहीत, ‘आम्ही’ असे लिहितात. नगरसभासदाचा मुलगा असलेल्या या ब्रिटनच्या माणसाने आपले कुलीनपण इतरांच्या भल्यासाठी विकून टाकले आणि त्याची लाज किंवा खंत आपल्याला नाही, असेही त्याच पत्रात आहे. स्वतः विकला गेलेला माणूस ‘विकणे’ हे क्रियापद स्वतःच्या त्यागासाठी वापरतो, तेव्हा ते सहज आलेले नसावे, असे मला वाटते.

ज्यांनी ही लिखाणे वाचली आहेत किंवा या काळाचा अभ्यास केला आहे, त्यांनी भर घालावी.

कौलारू :

लेख अतिशय मन लावून लिहिला आहे. पॅट्रिक यांचे नेमके साल आपण कुठेच दिलेले नाही, याकडे लक्ष वेधतो. ज्ञानकोशांत ते ४३२ साली आयर्लंडला आले असे ठामपणे दिलेले असते. ते आपण जाणूनबुजून टाळले आहे काय? शिवाय पॅट्रिक यांच्यापूर्वी आयर्लंडमध्ये ख्रिस्ती कुणीच नव्हते, हे खरे आहे का?

जुनी वही :

होय, जाणूनबुजून टाळले. पॅट्रिक स्वतः एकही साल देत नाहीत. समकालीन आणि भक्कम म्हणावे असे साल एकच आहे, ४३१, आणि ते दुसऱ्या माणसाचे आहे. अक्विटेनचा प्रॉस्पर या इतिवृत्तकाराने नोंदवले आहे, की त्या वर्षी पोप सेलेस्टीन यांनी पॅलेडिअस यांना "ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या आयरिशांकडे" पहिले बिशप म्हणून पाठवले. या एका वाक्यात आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही आहे : बिशप पाठवावा लागला, त्या अर्थी आधीच ख्रिस्ती समाज होता, आणि त्यात ब्रिटनहून पळवून आणलेले गुलाम मोठ्या संख्येने असणे अगदी स्वाभाविक आहे. नंतरच्या आयरिश इतिवृत्तांनी पॅट्रिक यांचे आगमन पॅलेडिअस यांच्या लगेच पुढच्या वर्षी, म्हणजे ४३२ साली, मांडले, आणि मृत्यूची मात्र ४६१ आणि ४९३ अशी दोन वेगळी साले दिली. हा घोळ सोडवण्यासाठी आयरिश अभ्यासक टी. एफ. ओ'राहिली यांनी १९४२ साली पॅट्रिक दोन होते असा सिद्धान्तही मांडला होता. पॅलेडिअस यांच्या कार्याच्या आठवणी पॅट्रिक यांच्या नावावर जमा झाल्या असाव्यात, असा त्याचा गाभा आहे.

पाचवे शतक हे मात्र निश्चित मानायला हरकत नाही. त्याचा धागा पत्रातच आहे. फ्रँक लोक तिथे अजून ख्रिस्तेतर आहेत, त्यांच्याकडून ख्रिस्ती बंदिवान सोडवून आणावे लागतात. फ्रँक राजा क्लोविस याचा बाप्तिस्मा शतकाच्या अखेरच्या सुमारास झाला; पत्र त्यापूर्वीचे असले पाहिजे.

दीपमाळ :

मला दंतकथांविषयी थोडे लिहावेसे वाटते, कारण त्या इतक्या लोकप्रिय का झाल्या याला कारण आहे. पॅट्रिक यांच्यानंतर सुमारे २०० वर्षांनी, सातव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुइर्खू आणि तीरेखान या दोन धर्मगुरूंनी त्यांच्याविषयी लिहिले. मुइर्खूच्या चरित्रात पॅट्रिक स्लेनच्या टेकडीवर ईस्टरचा अग्नी पेटवतात, तारा येथील राजा लोइगरे याच्यासमोर द्रुइड पुरोहितांशी त्यांचे सामने होतात आणि एक द्रुइड हवेत उचलला जाऊन खडकावर आपटून मरतो. कन्फेसिओतील माणूस ज्याने वाचला आहे, त्याला हा पॅट्रिक ओळखूच येणार नाही. त्या काळी उत्तरेकडील आर्मा येथील चर्च संपूर्ण आयर्लंडवर आपले अग्रस्थान सांगत होते आणि आपण ज्याला संस्थापक मानतो तो संत सर्वांवर विजय मिळवणारा असावा, ही त्या चर्चची गरज होती. नवव्या शतकाच्या आरंभीच्या ‘आर्मा ग्रंथ’ या हस्तलिखितात ही चरित्रे आहेत. कन्फेसिओची प्रत आहे ती संक्षिप्त, आणि कोरोटिकसचे पत्र त्यात नाहीच.

साप घालवून दिल्याची कथा तर फारच नंतरची. आयर्लंडमध्ये साप नाहीत हे तिसऱ्या शतकातील रोमन लेखक सोलिनस यानेही लिहून ठेवले होते, म्हणजे पॅट्रिक यांच्या जन्माच्या कितीतरी आधी. हिमयुगानंतर समुद्राने वेढलेल्या त्या बेटावर साप पोहोचलेच नाहीत. शॅमरॉकच्या तीन पानांवरून त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे समजावून सांगितल्याची गोष्ट लेखी स्वरूपात १८व्या शतकात दिसते. ‘पॅट्रिकचे उरस्त्राण’ म्हणून जी सुंदर प्रार्थना म्हटली जाते तीही जुन्या आयरिश भाषेत असून तिची भाषा पॅट्रिक यांच्या काळानंतरची आहे.

आपल्याकडेही संतांचे आत्मपर अभंग एकीकडे आणि शे-दीडशे वर्षांनी रचलेली चमत्कारपूर्ण चरित्रे दुसरीकडे, असे असतेच. चरित्रे वाचू नयेत असे मी म्हणणार नाही. ती ज्या काळात लिहिली गेली त्या काळाची साक्ष म्हणून वाचावीत.

जुनी वही :

दीपमाळ, आपले म्हणणे पटले. एक भर घालतो. दंतकथेनुसार पॅट्रिक यांची गुलामगिरी ईशान्येकडील अँट्रिम परगण्यातील स्लेमिश डोंगरावर गेली. पण त्यांनी स्वतः उल्लेखलेले आयर्लंडमधील एकमेव स्थळनाव म्हणजे व्होक्लुटचे रान, आणि ते पश्चिम समुद्राजवळ आहे. तीरेखानही त्या रानाची जागा आजच्या मेयो परगण्याच्या बाजूला दाखवतो. पळून जाताना २०० मैल चालावे लागले हा तपशीलही पश्चिमेला अधिक जुळतो, कारण स्लेमिशहून पूर्वेचा किनारा एक-दीड दिवसाच्या चालीवर आहे.

पाणवठा :

मी थोडा वेगळा प्रश्न उपस्थित करतो आणि तो कुणाच्या भावना दुखावण्यासाठी नाही. मिशनरी कार्य म्हटले की आपल्याला वसाहतकाळातील चित्र आठवते : मागे जहाजे, तोफा आणि राज्यकर्ते. पॅट्रिक यांच्या कार्यानेही आयर्लंडची जुनी श्रद्धा, तिचे पुरोहित, तिचे विधी संपुष्टात आलेच. मग त्यांच्याकडे आपण नुसत्या आदराने पाहावे काय?

जुनी वही :

प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवे. पॅट्रिक यांना जुन्या श्रद्धेविषयी सहानुभूती नव्हती. आयरिश लोक आजवर मूर्ती आणि अपवित्र गोष्टी पूजत होते, असे ते लिहितात. उगवत्या सूर्याची पूजा करणाऱ्यांना शिक्षा भोगावी लागेल असेही कन्फेसिओच्या अखेरीस आहे. ही वाक्ये झाकून त्यांचे चित्र रंगवणे मला योग्य वाटत नाही.

परंतु सत्तेचे गणित तिथे नेमके उलटे होते. पॅट्रिक यांच्या मागे सैन्य नव्हते. त्यांचे साम्राज्य त्यांच्या डोळ्यांदेखत विरघळत होते आणि ज्या समाजात ते काम करीत होते त्याचे लुटारू त्यांच्या मायदेशावर चालून जात होते. त्यांना परवानगी विकत घ्यावी लागे. आणि जेव्हा खरोखरच ख्रिस्ती म्हणवणारे शस्त्रधारी ब्रिटनहून आयर्लंडमध्ये उतरले, तेव्हा पॅट्रिक त्यांच्या बाजूने उभे राहिले नाहीत, त्यांना चर्चबाहेर काढा म्हणाले. वसाहतकाळाशी तुलना करताना हा प्रसंग बाजूला ठेवता येणार नाही. पुढच्या शतकांत आयरिश मठांतील संन्याशांनी आपल्या भाषेतील कायदे, वंशावळी आणि जुन्या कथा लिहून ठेवल्या, म्हणून आज त्या आपल्याला वाचता येतात. अर्थात हे श्रेय पॅट्रिक यांना व्यक्तिशः देणे अतिशयोक्तीचे होईल.

कॅम्पाची वाट :

पुण्याच्या वाचकांसाठी एक लहानशी नोंद. पुणे धर्मप्रांताचे कॅथेड्रल संत पॅट्रिक यांच्याच नावाने आहे. रेसकोर्स-एम्प्रेस गार्डनच्या बाजूने जाताना ते अनेकांनी पाहिले असेल, पण आयर्लंडच्या संताचे नाव इथे कसे, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश छावण्यांतील शिपायांमध्ये आयरिश कॅथलिकांची संख्या फार मोठी होती आणि पुण्याची छावणी त्याला अपवाद नव्हती. भुकेने आणि गरिबीने घर सोडून परमुलखात चाकरीला आलेल्या त्या पोरांनी आपला संत सोबत आणला. वरचा लेख वाचल्यावर मला पहिल्यांदाच जाणवले, की तो संतही मुळात १६व्या वर्षी घरापासून तोडला गेलेला मुलगा होता.

दीपमाळ :

फार छान जोडले आहे. अशीच एक जिवंत परंपरा मेयो परगण्यातील क्रोघ पॅट्रिक या ७६४ मीटर उंचीच्या डोंगराची आहे. पॅट्रिक यांनी तिथे ४० दिवस उपवास केला असे तीरेखान सांगतो. दर वर्षी जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो यात्रेकरू तो चढतात आणि काही जण सुट्या, धारदार दगडांच्या त्या वाटेवर अनवाणी चालतात. उपवासाची कथा खरी असो वा नसो, पावसात आणि थंडीत डोंगरावर प्रार्थना करणारा मुलगा कन्फेसिओत आहेच.

पाणवठा :

आपल्या उत्तराबद्दल आभार. माझा मुद्दा आपण टाळला नाही, हे आवडले. शेवटचे एक विचारतो. कोरोटिकसच्या पत्राला काही जण गुलामगिरीविरुद्धचा पहिला आवाज म्हणतात. हे म्हणणे टिकते का? पॅट्रिक यांच्या वडिलांच्या घरीही दास-दासी होत्या, हे आपणच वर लिहिले आहे.

जुनी वही :

जसेच्या तसे टिकत नाही. गुलामगिरी ही व्यवस्थाच नष्ट व्हावी, असे वाक्य दोन्ही लिखाणांत नाही. पत्रातला संताप बाप्तिस्मा घेतलेल्या, स्वतंत्र जन्मलेल्या माणसांना पळवून विकण्याविषयी आहे. वडिलांकडच्या दास-दासींचा उल्लेख ते त्यांच्यावर कोसळलेल्या आपत्तीच्या संदर्भात करतात, त्या मुळात दास का होत्या असे विचारीत नाहीत. चौथ्या शतकात निसाचे ग्रेगरी या ग्रीक बिशपांनी माणसाची मालकी सांगण्यालाच आव्हान दिले होते; तत्त्वविचार म्हणून ते पॅट्रिक यांच्या पुष्कळ पुढे आहेत.

तरीही एक गोष्ट मला त्या ग्रीक विद्वानाकडे सापडली नाही आणि ती इथे सापडली. कन्फेसिओच्या ४२व्या परिच्छेदात पॅट्रिक आधी एका अत्यंत सुंदर, कुलीन आयरिश तरुणीविषयी सांगतात, जिने बाप्तिस्मा घेतल्यावर थोड्याच दिवसांत ख्रिस्तासाठी कौमार्यव्रत स्वीकारले. मग अशा इतर मुलींविषयी, ज्यांना या निर्णयापायी घरच्यांचा छळ सोसावा लागतो. विधवांविषयी. कुणीही चरित्रकार इथे थांबला असता, कारण उच्च कुळातील स्त्रियांची नावे चर्चला भूषणावह असतात. पॅट्रिक मात्र आणखी एक वाक्य लिहितात : परंतु सर्वांत अधिक सोसतात त्या दास्यात असलेल्या स्त्रिया, धमक्या आणि दहशत त्या सतत सहन करतात, आणि मनाई असतानाही धैर्याने अनुसरत राहतात. स्वतंत्र स्त्रीचा नकार आणि दासीचा नकार यांत काय अंतर असते, मालकाच्या घरात रात्री काय ऐकू येते, हे त्यांनी ६ वर्षे जवळून पाहिले होते. त्या दासींची नावे ते देत नाहीत. कदाचित नावे उघड झाली असती तर त्यांच्यावरच संकट आले असते.

त्यानंतर २० परिच्छेदांनी निवेदन संपते, तेही एका लहानशा वाक्याने : आणि मरण्यापूर्वीची माझी कबुली ही एवढी.